ऋतुजाच्या ग्रहाचं गिराण

नळाला पाणी आलं तेव्हा अंबुबाई ठणठणीत होती. सोलापुरात पाणी येतं ते तीन-चार दिवसांआड, आणि आलं की भवानी पेठेतल्या त्या गल्लीत बाया एकमेकींची ओळख विसरतात. त्या सकाळी तिनं शेजारच्या सुंदरम्माची घागर पायानं सारून आपली लावली, त्यावरून दोघींचं कडाक्याचं वाजलं, आणि शेवटी दोघींनी मिळून तिसरीलाच मागं रेटलं. घरात येऊन तिनं पिंप भरलं, शेंगांचं कूट केलं, पोळ्यांसाठी गूळ चिरायला घेतला. तेवढ्यात तिचा नवरा सिद्धनाथ आत आला.

"ठेव ते खाली. पोरगी स्टेशनावर उतरून रिक्षात बसलीया. निज तू."

"आत्ता? आवो, गूळ तसाच पडलाय."

"गूळ पूनम बघंल. तू पांघरूण घे."

पूनम म्हणजे सून, धाकट्या लेकाची, कुमारची बायको. तिनं सासूच्या हातातली विळी काढून घेतली. तिला हे पसंत नव्हतं, आणि घरात ते कुणी विचारलंही नव्हतं.

अंबुबाई कॉटवर आडवी झाली. घोंगडं गळ्यापर्यंत ओढलं. फाल्गुनाचा उकाडा, अंगाला घामाच्या धारा. आजारी माणसाला घाम येतो, तेवढंच बरं, असं तिच्या मनात आलं आणि आपल्याला असलं सुचतंय याची तिला किळस आली.

हे सगळं थोरल्या दिरानं, बिरुदेवानं जमवून आणलं होतं. सिद्धनाथ तरुणपणीच मंगळवेढ्याकडचं गाव सोडून टॉवेलच्या कारखान्यात लागला. बिरुदेव मेंढरांमागं राहिला आणि घरातला शब्द त्याचाच राहिला. सिद्धनाथाची ऋतुजा शाळेत हुशार निघाली, कॉलेजात गेली, आणि शिकत शिकत पार राजस्थानातल्या एका डोंगरापर्यंत पोचली. तिथं मोठी दुर्बीण होती. पोरगी तिथं काय करते हे गल्लीत कुणी विचारलं की सिद्धनाथ सांगायचा, "शास्त्रज्ञ हाय." पुढं विचारलं की म्हणायचा, "ते लई मोठं असतंय."

अंबुबाईला मात्र ते कळलं होतं. दिवाळीत ऋतुजा आली तेव्हा करंज्या लाटताना तिनं विचारलंच होतं, "व्हय गं, तू तितं नेमकं बघतीस तरी काय?"

"फिरणं बघते, आई."

"कुणाचं?"

ऋतुजानं लाटणं खाली ठेवलं. "बिरोबाच्या जत्रेत गजी नाचतात बघ. मधे ढोलवाला असतो, तो जागच्या जागी गिरक्या घेतो. त्याच्याभोवती गडी रिंगण धरतात. आता समज, ढोलवाला म्हणजे एक तारा. रिंगणातला एक गडी म्हणजे त्याचा ग्रह. आपल्या गुरूपेक्षाही दांडगा. ढोलवाला उजवीकडं फिरतोय, तर गडीही उजवीकडंच जातो का उलटा जातो, एवढंच मला बघायचंय."

"बघायचं की मग. त्यात काय अवघड हाय?"

"तारा इतका लांब आहे की नुसता ठिपका दिसतो. फिरतोय हेही दिसत नाही. आणि ग्रह तर मुळीच दिसत नाही."

"दिसत न्हाय त्येचं फिरणं बघतीस? आन त्येला सरकार पगार देतंय?" अंबुबाई म्हणाली आणि दोघी हसल्या.

मग ऋतुजानं सांगितलं. फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडं येत असते, दुसरी लांब जात असते. येणाऱ्या कडेचा उजेड किंचित निळ्याकडं झुकतो, जाणाऱ्या कडेचा तांबड्याकडं. ग्रह ताऱ्यासमोरून जायला लागला की त्या ठिपक्यातला थोडा उजेड झाकला जातो. येणारी कड आधी झाकली तर ग्रह सुलटा. जाणारी आधी झाकली तर उलटा. काही तर आडवेच जातात, डोक्यावरून पायाखाली.

"आन उलटा असला तर?"

"ग्रह जन्मतो तेव्हा ताऱ्याच्याच दिशेनं फिरत असतो. उलटा झाला म्हणजे मागं कुणीतरी त्याला ढकललेलं असतं. दुसऱ्या ग्रहानं, नाहीतर शेजारच्या ताऱ्यानं."

"म्हंजी भाऊबंदकी."

ऋतुजा इतकी हसली की करंजी फुटली. "आई, हे मी माझ्या सरांना सांगणार."

मग ती भरभरून बोलत सुटली. बरेच जण असले ग्रह मोजतात, पण ते ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे. तिनं निवडलेला लांबून फिरणारा होता. तो फार दिवसांनी ताऱ्यासमोर यायचा, आणि नेमकं आपल्याकडं रात्र असताना, तारा माथ्यावर असताना यायचा योग तर त्याहून दुर्मीळ. तो योग फाल्गुनात होता. त्या रात्रीसाठी दुर्बिणीवर तिचा नंबर लागला होता. तिच्या पीएचडीचा शेवटचा भाग सगळा त्या एका रात्रीवर होता.

"नंबर चुकला तर?" अंबुबाईनं विचारलं. नंबर म्हणजे काय हे तिला नळावर चांगलं कळत होतं.

"चुकवायचा नाही ना! ग्रहणच म्हण की ते. ग्रहण काय आपल्यासाठी थांबतं?"

हा शब्द अंबुबाईनं कौतुकानं जपून ठेवला. संक्रांतीला बिरुदेव आला तेव्हा त्याच्यापुढं भाकरी वाढताना तिनं सांगून टाकलं, "भावजी, आपली ऋतुजा फाल्गुनात गिराण बघणार हाय. कुणाला दिसत न्हाय असलं गिराण."

बिरुदेवाचा हात थाळीतच थांबला.

त्याला कारण होतं. मंगळवेढ्याचं एक स्थळ त्यानंच आणलं होतं. मुलगा अभिमन्यू, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. बोलणी चालू झाली होती. आणि त्यांच्यात पहिल्यापासूनचा रिवाज, की जिचं ठरत आलंय त्या पोरीनं गिराण बघायचं नाही, घराच्या आत बसायचं. बघितलं तर जमलेलं मोडतं, मोडलं नाही तर फळत नाही. बिरुदेव गावातल्या देवऋष्याकडं जाऊन आला. देवऋषी म्हणाला, सूर्याचं असो, चंद्राचं असो, का आणखी कुठल्या ताऱ्याचं असो, गिराण ते गिराण. त्या दिवशी पोरगी बापाच्या उंबऱ्याच्या आत पाहिजे.

"आन तिला सांगितलं तर ती येणार न्हाय," बिरुदेव सिद्धनाथाला म्हणाला. "तवा आईला दवाखान्यात टाकलंय म्हणून सांगायचं. त्याच दिवशी पावणंबी बोलवून घिऊ. एका खेपंत काम."

अंबुबाई तिथंच होती. "असलं वंगाळ का बोलताय, भावजी? ग्रह हाय त्यो. लांब हाय. आपल्याला त्येचं काय?"

बिरुदेवानं तिच्याकडं बघितलंही नाही. दाराशी कुमार बसला होता, त्याच्याकडं बघितलं. "गिराणाचं काय असतंय ते तुला आमी सांगायचं व्हय?"

झालं. अंबुबाई उठून आत गेली.

कुमार पोटात असताना तिनं ग्रहणात वांगी चिरली होती. चिरली होती का नाही हेही तिला आता आठवत नव्हतं. सासू म्हणाली चिरलीस, म्हणून चिरली. कुमार जन्मला तो वरचा ओठ दुभंगलेला. पुढं दवाखान्यात टाके घालून तो नीट झाला, बोलणं तेवढं थोडं नाकातलं राहिलं. पण बारशाला, जावळाला, त्याच्या लग्नाच्या बोलणीत, प्रत्येक वेळी कुणी ना कुणी त्या वांग्यांची आठवण काढलीच. ऋतुजा कॉलेजात गेल्यावर तिनंच एकदा आईला जवळ बसवून सांगितलं होतं, "आई, ग्रहणानं ओठ फाटत नाही. पोटात बाळ घडताना ते जुळायचं राहून जातं. तुझा काही दोष नाही." त्या दिवशी अंबुबाई मोरीत जाऊन रडली होती. इतक्या वर्षांत तिला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

आणि तरी बिरुदेवानं कुमारकडं बघितलं तेव्हा ती वांगी तिच्या डोळ्यांपुढं आलीच. ऋतुजा म्हणते ते खरं असेलही. पण खरं नसलं तर? एका लेकराचं भोगलंय, आता दुसरीचं? मोबाईल तिच्याजवळ होता. पोरीला एक फोन करून सांगता आलं असतं. पोरीला खोटा निरोप गेला, त्यानंतर दोन दिवस तो मोबाईल तिच्या उशाला पडून होता.

आता बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. अंबुबाईनं डोळे मिटले.

"ऋतुजा! कब आयी गे?" सुंदरम्मा दारात विड्या वळत बसली होती. तिची भाषा तेलुगू, पण गल्लीत बोलायची ती सगळ्या भाषांची भेळ.

"आत्ताच, मावशी. आई कोणत्या दवाखान्यात आहे? घरी आणलंय का? शुद्धीवर आहे ना?"

"दवाखाना?" सुंदरम्मा खदखदून हसली. "अगो, तेरी अम्मा सकाळी नळावर मेरेकू ढकलून पाणी भरली! ती दवाखान्यात गेली तर डाक्टरकूच ॲडमिट करायला लागेल."

बाहेर चपला काढल्याचा आवाज.

अंबुबाईला अजून उठता आलं असतं. उठून दारात जावं, पोरीचं तोंड कुरवाळावं, म्हणावं की बाई, मला काही झालं नाही, ह्यांनी तुला फसवलं. पण नवरा कॉटच्या पायथ्याशी उभा होता. ती तशीच पडून राहिली. पोरगी जवळ आली, तिनं कपाळावर हात ठेवला. अंबुबाई कण्हली. नुसती पडून राहिली असती तर एक वेळ चाललं असतं, पण ती कण्हली.

ऋतुजानं हात काढून घेतला. मग आईचा हात घोंगड्याबाहेर ओढला, बोटं बघितली. गुळानं चिकट झालेली बोटं.

"ऊठ, आई," ती हळूच म्हणाली. "उकडत असेल तुला."

सिद्धनाथ बोलायला लागला. तुझ्या भल्यासाठीच, पावणं चांगलं हाईत, चारला येणार हाईत, गिराणाचं असतंय. ऋतुजानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं फोन लावला. तिचे सर पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "नाही सर, आई बरी आहे... हो... मला कळतंय. तुम्ही रात्र दुसऱ्याच्या कामाला दिलीत, बरोबरच आहे... नाही, आता निघाले तरी पोचणार नाही."

फोन ठेवून ती चौकटीला टेकून बसली. अंबुबाई तिच्यामागं जाऊन उभी राहिली. आणि नको तेच बोलली.

"फिरतोच हाय न्हवं त्यो? मग यील की परत."

"येईल." ऋतुजानं वळून बघितलं नाही. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या थंडीत. तोवर दुसरं कुणी मोजून मोकळं झालं नसेल तर."

"मला वाटलं, तुझं बरं व्हावं..."

"आई, तुला काय वाटलं ते मला माहीत आहे. कुमारच्या ओठाचं तुला मी समजावलं होतं ना? तेव्हा हो म्हणालीस. रडलीस. मला वाटलं, तुला कळलं."

"कळलं हुतं गं."

"मग कण्हलीस कशाला?"

अंबुबाई आत गेली आणि पोळ्यांची कणीक मळायला बसली.

चारला पाहुणे आले, बिरुदेवच त्यांना घेऊन आला. मुलगा, त्याची आई, एक मामा. ऋतुजानं साडी नेसली नाही, प्रवासाच्याच कपड्यात चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाची आई बोलायला गोड होती. "तुज्या आईला बरं न्हाय म्हणं? आता कसं हाय?" तिलाही तसंच कळवलं होतं, म्हणजे पोरगी घाईनं का आली याचा पत्ता लागू नये.

"आई ठणठणीत आहे," ऋतुजा म्हणाली. "ती बघा, पोळ्या लाटतेय. मला इथं आणायला तिला आजारी पाडलं होतं. तुमच्याकडंही सुनेला असंच बोलावतात का, ते सांगा. म्हणजे मला ठरवायला बरं."

मामानं बशी खाली ठेवली. अभिमन्यूनं एकदा तिच्याकडं बघितलं, काहीतरी विचारावंसं त्याच्या मनात आलं असावं, पण तोवर त्याची आई उठली होती. शेंगांच्या पोळ्या तशाच राहिल्या.

"बघितलंस?" पाहुणे गेल्यावर बिरुदेव भावाला म्हणाला. "गिराण न बघताच एवढं झालं. बघितलं असतं तर?"

ऋतुजा संध्याकाळच्या गाडीनं गेली. कुमार स्टेशनावर सोडायला गेला. आईच्या पाया पडून गेली, ते अंबुबाईला जास्त लागलं. भांडून गेली असती तर परत आली असती.

त्यानंतर ती आली नाही. पुढची दिवाळी गेली, त्याच्या पुढचीही. कुमारला फोन करायची. आईला दिला तर "जेवलीस का, गोळ्या घेतेस का" एवढं विचारायची, लांबच्या नातलगाला विचारावं तसं. अंबुबाई ग्रहाचं विचारायला जायची, तेवढ्यात ती म्हणायची, "ठेवते, काम आहे."

थंडी सरत आली तेव्हा अंबुबाईच्या पोटात दुखायला लागलं. पहिल्यांदा तिनं ओवा खाल्ला. मग हळदीचं पाणी. मग एका सकाळी हीव भरून ती नळावरच बसली, आणि सुंदरम्मानंच तिला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात सांगितलं, पित्ताची पिशवी सडलीय, पू झालाय. साखर वाढलेली, त्यामुळं ऑपरेशन जोखमीचं. पण केलं नाही तर त्याहून वाईट.

"ताईला कळवतो," कुमार म्हणाला.

"न्हाय कळवायचं."

"का?"

"तिचा नंबर कवा हाय?"

कुमारला ते माहीत होतं. ऋतुजानं त्याला सांगितलं होतं, की तो ग्रह अजून कुणी मोजलेला नाही, तिच्या सरांनी पुन्हा दुर्बीण मिळवून दिलीय, आणि या वेळी चुकली तर पीएचडी त्याच्याशिवाय गुंडाळायची. "परवा," तो म्हणाला.

"मग परवापत्तुर न्हाय."

"आई, तुझं ऑपरेशन उद्या हाय. डॉक्टर काय म्हणले ऐकलंस न्हवं? काय झालं बिलं तर ती मला जितं सोडंल का?"

तो बाहेर व्हरांड्यात गेला. अंबुबाईला कळलं, पण उठायची ताकद नव्हती. थोड्या वेळानं तो आत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं आणि मोबाईल कानाला होता.

"ताई, देवाशपथ खरं सांगतोय... स्थळ? कसलं स्थळ? ताई, आगं मी कुमार बोलतोय, बिरुदेवतात्या न्हाय... बरं, मग तिलाच विचार." त्यानं मोबाईल आईच्या कानाशी धरला. हात पुढं करून नुसत्या ओठांनी म्हणाला, सांग तिला.

"आई," ऋतुजाचा आवाज आला. "कुमार म्हणतोय तुला ॲडमिट केलंय. खरं आहे?"

समोरच्या कॉटवर एक म्हातारी झोपली होती. तिची लेक तिच्या पायाला तेल चोळत होती. अंबुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. हो म्हटलं की पोरगी आहे तशी निघणार, डोंगर उतरणार, उद्या इथं उभी राहणार. तिचा हात कपाळावर येणार. आणि परवा तो ग्रह आपल्या वाटेनं जाणार, तिच्याविना.

"आई? खरं आहे का?"

"न्हाय गं," अंबुबाई म्हणाली. आवाज तिनं जड होऊ दिला नाही. "मला काय धाड भरलीया? घरीच हाय की. तुझं काम कर तू."

"म्हणजे पुन्हा," ऋतुजा म्हणाली. "परवाचा दिवस बघून पुन्हा. आणि आता कुमारला पण शिकवलंत. लाज कशी वाटत नाही गं तुम्हाला? आता खरोखर मेलात तरी मला कळवू नका."

फोन बंद झाला.

कुमार मोबाईलकडं बघत राहिला. "आई, मला खोटं पाडलंस तू. माझ्याशी बोलायची ती अजून. आता माझ्याशीबी न्हाय बोलायची."

"बोलंल. तिचं मोजून झालं की सांग तिला."

"आन तवर तुला काय झालं तर? मग काय सांगू? शेवटचं काय म्हणली ती तुला, ते आठवत बसंल की जन्मभर!"

हे अंबुबाईच्या ध्यानात आलं नव्हतं. ती घाबरली. "लाव परत," ती म्हणाली, "लाव, लाव." कुमारनं लावला. पुन्हा लावला. पूनमच्या मोबाईलवरून लावला. तिनं सगळ्यांचेच नंबर बंद करून टाकले होते.

"जाऊ दे," शेवटी अंबुबाई म्हणाली. "झोपंल आता. परवा जागायचं हाय तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धनाथ आणि बिरुदेव आले. पूनम साबण लावून सासूच्या हातातल्या बांगड्या काढत होती. आत न्यायची वेळ झाली होती.

"पोरीला कळवलं का?" सिद्धनाथानं विचारलं.

"कळवलं हुतं," कुमार म्हणाला आणि आईकडं बघितलं. तिनं डोळ्यांनी त्याला गप्प केलं.

"मग?"

"येत न्हाय. कामात हाय," अंबुबाईच म्हणाली.

"कामात!" सिद्धनाथ बाकावर बसला. "आई मरायला टेकली आन ही कामात. काय काळजाची म्हणायची? शिकवून शिकवून हे केलं आपण."

"गिराणं बघणारी जात," बिरुदेव म्हणाला. "तिला कुटली आई न् कुटला बाप. मी तवाच म्हणत हुतो."

ढकलखुर्ची आली. पूनमनं आणि आयानं मिळून अंबुबाईला तिच्यात बसवलं. दारापाशी तिनं आयाला थांबायला सांगितलं आणि मान वळवली.

"मी परत आले न आले," ती नवऱ्याला म्हणाली, "तिचं नाव तुमी दोघांनी तोंडात घ्यायचं न्हाय. तुमास्नी त्यो हक्क न्हाय. मलाबी न्हाय."

"येड लागलंय हिला तापात," बिरुदेव म्हणाला.

आयानं खुर्ची आत ढकलली.